ड्राइव्ह-इनच्या जमान्यातले स्वस्त गॉथिक भयपट: नवख्यांनी कुठून सुरुवात करावी

भयपट आवडतात, पण 1970 च्या आधीचं फारसं काही पाहिलेलं नाही. कधी उत्सुकतेने एखादा जुना सिनेमा लावलाच, तर दहाव्या मिनिटाला किल्ल्याची भिंत लाकडी फळीची आहे हे कळलं, हसू आलं आणि तो बंद केला. अशा प्रेक्षकांसाठी हा लेख आहे. धारप-मतकरी वाचत रात्री जागवलेल्यांसाठीही आहे, कारण पडका वाडा, तळघर, पूर्वजांनी केलेलं पाप आणि ते फेडणारा वारस हे सगळं इथे आहेच. फक्त वाड्याच्या जागी किल्ला येतो. याच प्रकाराला गॉथिक म्हणतात.

एकच गोष्ट आधी मनाशी पक्की करा. ती फळीची भिंत दिसली की सिनेमा फसला असं समजू नका. हे सिनेमे पंधरा दिवसांत, उसन्या सेटवर, तुटपुंज्या पैशात झाले, आणि त्यांचं सगळं रूप त्या चणचणीतून आलं. पैसा कुठे वाचवलाय हे ओळखायला लागलात की सिनेमा दुप्पट रंगतो, आणि गंमत म्हणजे भीतीही बहुतेक वेळा तिथेच दबा धरून बसलेली असते.

आधी धंदा समजून घ्या

पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर 6 जून 1933 रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेनजवळ सुरू झालं. रिचर्ड हॉलिंग्सहेड हा त्याचा कर्ता. मैदानाच्या एका टोकाला भलामोठा पडदा, समोर गाड्यांच्या रांगा, आणि पुढची गाडी आड येऊ नये म्हणून प्रत्येक रांगेत मातीचा उंचवटा. महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, उपनगरं वाढली, आणि 1958 च्या सुमारास अमेरिकेत अशी 4000 हून जास्त थिएटरं होती. आपल्याकडे ही चैन मोजक्याच शहरांत आली. मुंबईत वांद्रे पूर्वेला एक होतं, आणि 2021 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मॉलच्या गच्चीवर नवं सुरू झालं.

तिथला प्रेक्षक कसा होता, ते लक्षात घ्या. मागच्या सीटवर झोपेला आलेली पोरं, पुढे दमलेले आईबाप. शेजारच्या गाडीत कॉलेजची जोडपी, ज्यांचं लक्ष पडद्याकडे असेलच असं नाही. आवाज यायचा तो खिडकीच्या काचेला अडकवलेल्या छोट्या स्पीकरमधून. पहिला खेळ दिवेलागणीला सुरू व्हायचा तेव्हा आकाशात अजून उजेड असायचा, चित्र फिकट दिसायचं. अशा ठिकाणी कुजबुजीत सांगितलेली गुंतागुंतीची गोष्ट चालत नाही. चालतं ते वादळ, किंकाळी, तांबडा रंग आणि अर्धा संवाद हुकला तरी कळेल असं कथानक.

ही नस ओळखली अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने. जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ या दोघांनी 1954 मध्ये वेगळ्या नावाने कंपनी काढली आणि 1956 मध्ये हे नाव घेतलं. पुढे मी तिला नुसतं एआयपी म्हणेन. त्यांची पद्धत उफराटी होती: आधी सिनेमाचं नाव सुचायचं, मग पोस्टर रंगवून घ्यायचं, थिएटरवाल्यांना ते पसंत पडलं की मग पटकथा लिहायला बसायचं. दुसरी युक्ती हिशोबाची. त्या काळी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. मुख्य सिनेमाला गल्ल्यातली टक्केवारी मिळे, जोडीच्या सिनेमाला ठरावीक किरकोळ रक्कम. मग दोन्ही आपलेच दिले तर? एआयपी दोन स्वस्त कृष्णधवल सिनेमांची जोडी विकायची आणि सगळी टक्केवारी आपल्या खिशात घालायची.

पहिला सिनेमा: ‘हाउस ऑफ अशर’ (1960)

इथूनच सुरुवात करा, दुसरीकडून नको. मी अनेकांना अनेक वाटांनी या प्रकारात आणायचा प्रयत्न केलाय, पण ही वाट सगळ्यांना मानवते.

दिग्दर्शक रॉजर कॉर्मन तेव्हा एआयपीसाठी दहा-दहा दिवसांत सिनेमे उरकायचा. त्याने प्रस्ताव टाकला की दोन कृष्णधवल सिनेमांचे पैसे एकातच घालू, रंगीत करू, रुंद पडद्यावर करू, आणि मला पंधरा दिवस द्या. गोष्ट एडगर ॲलन पोची. पो 1849 मध्येच वारलेला, त्यामुळे हक्कांसाठी दमडी मोजायची गरज नाही, आणि अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही तो माहीत. आर्कॉफची शंका रास्त होती: यात राक्षस कुठाय? हे घरच राक्षस आहे, असं आपण त्याला सांगितल्याचं कॉर्मन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सिनेमा सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला आणि वितरणातून त्याने दहा लाखांच्या वर कमावले. कॉर्मनने मग एआयपीसाठी थेट 1964 पर्यंत पो चालवला.

कथा चार माणसांची. एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला अशरांच्या वाड्यावर येतो, आणि तिचा भाऊ रॉडरिक सांगतो की आमचं घराणं शापित आहे, लग्नाचं नाव काढू नका. चौथा म्हातारा नोकर. बस्स. एवढ्या माणसांत 80 मिनिटं खेचायची म्हणजे नटाच्या जिवावरच, आणि रॉडरिकच्या भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस आहे. त्याने मिशी काढून टाकली, केस पांढरेफटक केले. रॉडरिकची सगळी इंद्रियं भयंकर तीक्ष्ण आहेत, साधा मोठा आवाजही त्याला सोसत नाही. त्यामुळे प्राइस बहुतेक वेळ दबक्या आवाजात बोलतो आणि समोरच्या तरुणाचं नेहमीचं बोलणंही आपल्याला आरडाओरडा वाटायला लागतं. राक्षसाच्या मुखवट्याचे पैसे वाचले, ते असे.

आता तीन जागा नीट पाहा.

पहिली, सुरुवातीचीच. घोडेस्वार जळालेल्या रानातून येतो, काळे बुंधे, राख, धुकं. हे रान कोणी उभारलेलं नाही. हॉलिवूडच्या टेकड्यांत नुकताच वणवा लागून गेला होता, कॉर्मन कॅमेरा घेऊन तिथे पोचला. लाखो डॉलरचा सेट निसर्गाने फुकट दिला.

दुसरी जागा म्हणजे दिवाणखाना आणि जिना. कलादिग्दर्शक डॅनियल हॅलरने मोठ्या स्टुडिओंकडून जुन्या सेटचे सुटे भाग थोडक्यात मिळवले: कमानी, खांब, दारं, जिने. ते जोडून त्याने स्वतःच्या ऐपतीपेक्षा कितीतरी मोठा वाडा उभा केला. सिनेमा संपला की भाग मोडीत न काढता गोदामात ठेवायचे, पुढच्या सिनेमाला तेच काढून त्यात नव्याची भर घालायची. म्हणून या मालिकेतले किल्ले दर सिनेमागणिक मोठे होत जातात. आपल्या संगीत नाटक मंडळ्या राजवाड्याचा, रस्त्याचा आणि जंगलाचा असे ठरलेले पडदे गावोगाव नेत आणि प्रत्येक नाटकात तेच सोडत, तसाच हा संसार. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बी मात्र मुरलेला माणूस, 1931 च्या ‘टॅबू’साठी ऑस्कर मिळवलेला. तो कॅमेरा सतत हलता ठेवतो, बोळातून, जिन्यावरून, पडद्यामागून. सेट कुठे संपतो याचा पत्ता लागू देत नाही. जिथे संपतोच, तिथे धुकं सोडलेलं असतं.

तिसरी जागा शेवटची आग. पेटलेल्या तुळया वरून कोसळतात, कॅमेरा खालून पाहतोय. ही दृश्यं दक्षिण कॅलिफोर्नियात पाडायला काढलेलं एक जुनं धान्याचं कोठार विकत घेऊन, ते पेटवून, रात्रीत चित्रित केलेली. तुळई कशी पडते, ठिणग्या कुठल्या बाजूला उडतात, नीट लक्षात ठेवा. याच तुळया तुम्हाला पुढच्या सिनेमांत पुन्हा भेटणार आहेत.

प्रिंट नीट निवडा, नाहीतर सगळं पाण्यात

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण नवखे लोक नेमके इथेच गळतात. सिनेमा वाईट नसतो, प्रत भिकार असते.

या काळातल्या कितीतरी सिनेमांवरचा अमेरिकेतला स्वामित्व हक्क संपलाय किंवा तांत्रिक चुकीमुळे कधी लागूच झाला नाही. ‘द टेरर’, ‘डिमेन्शिया 13’, ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’ हे त्यातले ठळक. म्हणून यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या डझनभर प्रती सापडतात, आणि त्यातल्या बहुतेक कुठल्यातरी झिजलेल्या टीव्ही प्रिंटवरून किंवा व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या असतात. पहिली दिसली ती लावू नका. दोन-तीन उघडून एकच दृश्य ताडून पाहा.

काय बघायचं? ‘हाउस ऑफ अशर’ आणि त्यानंतरचे पो-पट रुंद पडद्यासाठी चित्रित झालेत. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी दिसत असेल तर दोन्ही बाजू कापल्यात. अशा प्रतीत दोन माणसं बोलत असली की एकाचं नाकच तेवढं दिसतं. रंग बघा: त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंट उतरत जातात तसा निळा-हिरवा रंग आधी मरतो आणि सगळं गुलाबी-तपकिरी दिसायला लागतं. चेहरे कच्च्या कोळंबीच्या रंगाचे दिसले तर ती प्रत सोडा. कृष्णधवल सिनेमात काळ्या भागात काही दिसतंय का ते तपासा. काळ्या कोटाची घडी दिसली तर प्रत चांगली. नुसता डांबराचा गोळा दिसला तर वाईट.

कापलेल्या आवृत्त्यांचा प्रश्न वेगळा. मारियो बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा ‘ब्लॅक संडे’ एआयपीने अमेरिकेत आणताना काही मिनिटं छाटली, रॉबर्टो निकोलोझीचं मूळ संगीत काढून लेस बॅक्स्टरचं घातलं आणि नव्याने डबिंग केलं. पहिल्यांदा पाहताना ‘द मास्क ऑफ सेटन’ या नावाची युरोपीय आवृत्ती शोधा. डबिंगचा बाऊ मात्र करू नका. त्या काळी इटलीत सगळेच सिनेमे चित्रीकरणानंतर आवाज देऊन पूर्ण करत. नायिका बार्बरा स्टील इंग्लंडची, पण या सिनेमाच्या इंग्रजी आवृत्तीतसुद्धा आवाज तिचा नाही. तेव्हा ओठ जुळत नाहीत म्हणून हळहळण्यात अर्थ नाही, कुठलीही भाषा निवडलीत तरी ते जुळणार नाहीतच.

पाहण्याची तयारी थोडक्यात. मोबाइलवर नको, अंधारी दृश्यं वाया जातात. टीव्हीवर चित्र अतिगुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि सेटिंग ‘सिनेमा’वर न्या, दुकानातल्या झगमगीत सेटिंगवर धुकं दुधासारखं दिसतं. सबटायटल लावा, प्राइसचं इंग्रजी अलंकारिक आहे. घरातल्या लहानग्यांना ‘अशर’ चालेल, ‘ब्लॅक संडे’ अजिबात नाही.

दुसरी रात्र: जोडी लावून पाहा

हे सिनेमे जोडीने पाहण्यासाठीच बनले, तर आपणही तसंच पाहू. दोन्ही मिळून पावणेतीन तास होतात, म्हणजे आपल्या एका जुन्या हिंदी सिनेमाएवढेच.

‘द पिट अँड द पेंड्युलम’ (1961) ही ‘अशर’ची थेट जोड आहे. लेखक तोच, रिचर्ड मॅथेसन, आणि त्याच्यापुढे अडचण अशी की पोची मूळ कथा म्हणजे अंधारकोठडीतला एक कैदी आणि वर झुलणारं पातं, एवढीच. मग त्याने पो शेवटच्या भागात ठेवला आणि त्याआधीचा तासभर स्वतः रचला: बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला स्पेनमधल्या किल्ल्यावर आलेला तरुण, विधुर झालेला किल्लेदार, आणि पत्नीला आपण जिवंतपणीच पुरलं की काय या शंकेने पोखरलेलं त्याचं मन. मधला भाग रेंगाळतो, हे कबूल. पण पातं खाली यायला लागलं की तक्रार विसराल. अगदी शेवटची चौकट संपेपर्यंत उठू नका.

याच्या पुढची जोडी माझ्या विशेष आवडीची: ‘द रेव्हन’ आणि ‘द टेरर’, दोन्ही 1963 चे. ‘रेव्हन’ हा विनोदी आहे. प्राइस, पीटर लोरी आणि बोरिस कार्लोफ असे तीन जुने खोंड जादूगार बनून एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि लोरीच्या मुलाच्या भूमिकेत कोवळा जॅक निकल्सन अवघडून उभा असतो. त्याचं चित्रीकरण संपत आलं तेव्हा कॉर्मनच्या मनात आलं की एवढा झकास सेट आता पाडणार, कार्लोफही हाताशी आहे, तर आणखी एक सिनेमा का नको? धड पटकथाही तयार नव्हती. त्याने मोजक्या दिवसांत कार्लोफला त्या सेटवर जिने चढायला, दारं उघडायला आणि बोळांतून चालायला लावलं. उरलेला सिनेमा पुढे कित्येक महिने जमेल तसा जमेल त्याने केला: फ्रान्सिस फोर्ड कोपोला (तोच, पुढे ‘द गॉडफादर’ करणारा), माँटी हेलमन, जॅक हिल, आणि थोडासा निकल्सननेही.

परिणाम व्हायचा तोच झाला, कथेचा मेळ बसेना. मग कॉर्मनने निकल्सन आणि डिक मिलरला पुन्हा बोलावून एक दृश्य घेतलं, ज्यात निकल्सन मिलरला धरून खरं काय ते वदवून घेतो आणि मिलर सगळं कथानक उलगडून सांगतो. ते दृश्य आलं की तुम्हाला लगेच कळेल. दोघंही पात्रं नसून पटकथेचे पंच वाटतात. ‘टेरर’ हा चांगला सिनेमा आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘रेव्हन’ पाहून लगेच तो लावलात तर तोच दिवाणखाना, तोच जिना वेगळ्या उजेडात भेसूर कसा वाटतो ते दिसेल. सिनेमाच्या शाळेत हा धडा फी भरून शिकवतात. आणि हो, शेवटी यात आग नाही, पाणी आहे.

तिसरी पायरी: इटलीला जा

इथे घाई करू नका, या प्रवासातलं सगळ्यात देखणं काम इथे आहे.

मारियो बाव्हा हा मुळात कॅमेरामन. रिकार्डो फ्रेडा ‘इ व्हँपिरी’ (1957) नावाचा सिनेमा बारा दिवसांत करायच्या बोलीवर करत होता. तो मध्येच सोडून गेला आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या बाव्हाने तो पुरा केला. त्यात एक तरुण, सुंदर उमराव स्त्री आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते, मधे एकही कट नाही. संगणक नाही, मुखवटा नाही. युक्ती अशी: सुरकुत्या तांबड्या रंगाने चेहऱ्यावर आधीच काढलेल्या असतात. तांबड्या उजेडात तांबडा रंग आणि त्वचा सारखीच उजळ उमटते, म्हणून कृष्णधवल फिल्मवर चेहरा नितळ दिसतो. मग उजेड हळूहळू हिरव्या-निळ्याकडे न्यायचा. तांबड्या रेघा आता काळ्या पडतात आणि सुरकुत्या आतून वर आल्यासारख्या दिसतात. करून पाहायचं असेल तर पांढऱ्या कागदावर लाल पेनने रेघ मारा, खोली अंधारी करा आणि आधी लाल, मग हिरव्या जिलेटिन कागदातून टॉर्च टाका. ही युक्ती बाव्हाची स्वतःची नव्हे, हॉलिवूडमध्ये 1931 साली ती वापरली गेली होती. पण गाठीला पैसे नसताना ती आठवली, हे महत्त्वाचं.

‘ब्लॅक संडे’ (1960) हा बाव्हाचा दिग्दर्शक म्हणून पूर्ण श्रेय असलेला पहिला सिनेमा. गोगोलच्या ‘व्ही’ कथेचा त्याला अगदी पुसट आधार. सुरुवातीलाच चेटकीण ठरवलेल्या आसाच्या चेहऱ्यावर आतून खिळे असलेला पितळी मुखवटा ठेवतात आणि भलामोठा लाकडी हातोडा घालतात. ब्रिटनच्या सेन्सॉरने हा सिनेमा 1968 पर्यंत अडवून ठेवला होता, यात नवल नाही. दोनशे वर्षांनी आसा जागी होते, आणि तिच्यासारखीच दिसणारी तिच्या वंशातली मुलगी कात्या तिचं भक्ष्य ठरते. दोन्ही भूमिका बार्बरा स्टीलच्या. मोठाले डोळे, उंच गालाची हाडं, एकाच चेहऱ्यात करुणा आणि क्रौर्य.

मात्र कथेच्या मागे लागू नका, उजेडाच्या मागे लागा. घोडागाडी रानातून येते ते दृश्य असं घेतलंय की चाकं जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी. फांद्या कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ धरल्यात की चार झुडपांचं अरण्य होतं.

इथून पुढे आवड लागलीच तर बाव्हाचेच ‘द व्हिप अँड द बॉडी’ (1963) आणि ‘किल, बेबी… किल!’ (1966) घ्या. दुसऱ्यात चेंडू खेळणारी एक लहान मुलगी आहे, एवढंच सांगतो. अँतोनिओ मार्गेरीतीचा ‘कॅसल ऑफ ब्लड’ (1964) हाही स्टीलचाच, पैजेखातर भुताच्या किल्ल्यात रात्र काढणाऱ्या माणसाची गोष्ट. श्रेयनामावलीत ही नावं सापडली नाहीत तर गोंधळू नका. माल इंग्रजी वाटावा म्हणून फ्रेडा ‘रॉबर्ट हॅम्प्टन’ व्हायचा, मार्गेरीती ‘अँथनी डॉसन’, आणि बाव्हा चक्क ‘जॉन ओल्ड’.

हॅमरचं काय?

कोणीतरी विचारणारच. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 1957 मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि 1958 मध्ये ‘ड्रॅक्युला’ काढून रंगीत गॉथिकची लाट आणली, आणि एआयपीने रंगाला पैसे मोजले यात तिचा वाटा आहेच. ‘ड्रॅक्युला’ सुमारे 81 हजार पौंडांत झाला. टेम्स नदीकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या बंगल्यात त्यांचा स्टुडिओ, तिथेही सेटची अदलाबदल चालायचीच. पण हॅमर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर लीचा ‘ड्रॅक्युला’ एवढा पाहून ठेवा आणि पुढे चला.

किल्ला नसलेलं गॉथिक

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (1962) पाहायच्या वेळेपर्यंत डोळा तयार झालेला असेल. हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणारा माणूस. कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना त्याला ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाचं ओसाड पडलेलं जुनं करमणूक केंद्र दिसलं: घुमट, रिकामा नाचघर, भोवती मिठाची सपाटी. त्याने सहकारी जॉन क्लिफर्डला गोष्ट लिहायला सांगितली, अट एकच, शेवट इथे व्हायला हवा. नोकरीतून तीन आठवड्यांची रजा काढली आणि जेमतेम तेहेतीस हजार डॉलर जमवून सिनेमा केला.

पुलावरून नदीत कोसळलेल्या गाडीतून एक तरुणी बाहेर येते, नव्या गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते, आणि एक पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस तिला दिसायला लागतो. तो माणूस म्हणजे स्वतः हार्वी, चेहऱ्यावर रंग फासून. पार्श्वसंगीत जवळजवळ सगळं ऑर्गनचंच. कँडेस हिलिगॉस सोडली तर बाकीचे बरेचसे हौशी नट आहेत, बोलणं थोडं अडखळतं. आणि नेमकं तेच अंगावर येतं: नायिकेला भोवतालची माणसं परकी वाटतात, आपल्यालाही वाटतात. यापेक्षा चांगले नट असते तर सिनेमा बिघडला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा मात्र तो पडला. वितरक कंपनी बुडाली आणि हार्वीने पुन्हा कथापट केला नाही. रात्री उशिराच्या टीव्हीवर पाहून लोकांनी त्याला वर काढलं.

‘डिमेन्शिया 13’ (1963) तेवढ्या तोलाचा नाही, पण कोपोलाचा आरंभ म्हणून पाहावा. युरोपात कॉर्मनच्या एका मोटार-शर्यतीच्या सिनेमात तो ध्वनीचं काम करत होता. ते संपल्यावर उरलेले थोडे पैसे आणि तेच लोक घेऊन त्याने आयर्लंडमध्ये किल्ला गाठला. कॉर्मनला हाती आलेला सिनेमा पुरेसा रक्तरंजित वाटला नाही, म्हणून त्याने जॅक हिलकडून कुऱ्हाडीचा आणखी एक खून घालून घेतला. तळ्यातलं पाण्याखालचं दृश्य मात्र फक्कड आहे.

पैसा आला की काय होतं

आता मालिकेच्या शेवटाकडे वळा. ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ (1964) इंग्लंडमध्ये झाला, तिथे कॉर्मनला पंधरा दिवसांऐवजी पाच आठवडे मिळाले आणि ‘बेकेट’ या बड्या ऐतिहासिक सिनेमाचे उरलेले सेट हाती लागले. कॅमेरा निकोलस रोगचा. एका रंगाची एक खोली, अशा ओळीने लागलेल्या दालनांतून कॅमेरा जातो ते दृश्य या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात श्रीमंत. बरेच जण हाच कॉर्मनचा सर्वोत्तम मानतात. मी ‘अशर’च्या बाजूने आहे, पण वाद घालायला सिनेमा उत्तम. ‘द टूम ऑफ लिजिया’त (1964) तो नॉरफोकमधल्या खऱ्या मठाच्या अवशेषांत उन्हात चित्रीकरण करतो. आणि शेवटी आग लागते तेव्हा तुळया नीट पाहा. ओळखीच्या निघतील.

कुतूहल असेल तर याच वेळी आपल्याकडचं भावंड बघून टाका. रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’ (1972) महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकून केला, कॅमेऱ्यापासून ध्वनीपर्यंत घरचीच माणसं. धुकं तिथे पैसे न मोजता मिळतं.

सगळ्यात शेवटी: ‘टार्गेट्स’ (1968)

हा आधी पाहू नका. वर सांगितलेला ‘द टेरर’ डोळ्यांखालून गेलेला हवा.

कार्लोफ कॉर्मनला दोन दिवसांचं काम देणं लागत होता. कॉर्मनने पीटर बोग्दानोविच या तरुण समीक्षकाला सांगितलं: त्या दोन दिवसांत वीस मिनिटं काढ, वीस मिनिटं ‘टेरर’मधली घे, बाकी दुसऱ्या नटांबरोबर कर, झाला सिनेमा. बोग्दानोविचपुढे ‘टेरर’चे तुकडे कसे खपवायचे हा पेच होता. त्याने कार्लोफला भयपटांतला थकलेला नट केलं, ज्याला स्वतःचा नवा सिनेमा, म्हणजेच ‘टेरर’, बघवत नाही आणि ज्याला निवृत्त व्हायचंय. समांतर गोष्ट एका नीटनेटक्या, हसतमुख, बंदुका जमवणाऱ्या उपनगरी तरुणाची. 1966 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराची तिला पार्श्वभूमी आहे. दोन्ही गोष्टी शेवटी लॉस एंजेलिसच्या रिसीडा ड्राइव्ह-इनमध्ये एकत्र येतात. पडद्यावर ‘टेरर’ चालू आहे, समोर गाड्यांच्या रांगा आहेत आणि तो तरुण पडद्याच्या मागच्या सांगाड्यावर चढून बसलाय.

कार्लोफने दोनाचे पाच दिवस दिले. तेव्हा त्याला चालताना त्रास व्हायचा, तो लपवलेला नाही, भूमिकेत वापरलाय. मध्ये तो हॉटेलच्या खोलीत एक छोटी जुनी कथा सांगतो तेव्हा कॅमेरा सावकाश त्याच्या चेहऱ्याजवळ जातो आणि कट होत नाही. ते दृश्य चालू असताना चहा आणायला उठू नका. सिनेमात, आपल्या पुढच्या सिनेमात काम कर म्हणून त्याच्या मागे लागलेला पोरगेला दिग्दर्शक दिसेल, तो स्वतः बोग्दानोविच.